गिरणीचा पट्टा तुटण्याआधी

कोकणात पट्टा तुटतो तो नेमका गर्दीच्या दिवसांत. चतुर्थीच्या आधी मोदकाच्या तांदळाचे डबे गिरणीबाहेर रांगेत लागलेले असतात तेव्हा. एप्रिल-मेमध्ये वर्षाच्या मसाल्याची मिरची भाजून आणलेली असते तेव्हा. नाहीतर भातकापणी उरकून भात सडायच्या यंत्रावर, म्हणजे हलरवर, पोती येऊन पडतात तेव्हा. लोक याला नशीब म्हणतात, पण कारण साधं आहे. याच दिवसांत यंत्र पूर्ण भाराने आणि न थांबता चालतं. आधीच झिजलेला पट्टा हलक्या कामाला कसाबसा पुरतो आणि भार आला की उघडा पडतो. म्हणजे तो त्या दिवशी बिघडलेला नसतो. कित्येक आठवडे तो झिजत आलेला असतो आणि आवाज, वास, पट्ट्यावरच्या संरक्षक जाळीखाली साचणारी काळी भुकटी यांतून ते कळतही असतं.

ही लक्षणं ओळखायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. पट्टा काम कसं करतो ते एकदा नीट समजलं की बरंचसं आपल्याच डोळ्यांना दिसू लागतं.

पट्टा धरतो तो कडेने

मोटरच्या शाफ्टवरची पुली फिरते आणि पट्टा ती गती गिरणीच्या पुलीवर नेतो. मध्ये दाते नाहीत, साखळी नाही. सगळा कारभार घर्षणावर चालतो. पूर्वी चामड्याचे किंवा रबर लावलेल्या कॅनव्हासचे सपाट पट्टे सर्रास असत. ते रुंद लागत, भरपूर ताणावे लागत आणि जागाही खूप खात. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे जॉन गेट्स यांनी रबराचा व्ही आकाराचा पट्टा तयार केला. आज गिरणी, मसाला कांडप, कॉम्प्रेसर, पॉवर टिलर, काँक्रीट मिक्सर अशा बहुतेक ठिकाणी आपण तोच पाहतो.

व्ही-पट्टा वर रुंद आणि खाली निमुळता असतो. त्याच्या दोन कडांमधला कोन सुमारे ४० अंशांचा असतो. पुलीची खाच त्याहून किंचित अरुंद, पुलीच्या व्यासाप्रमाणे ३४ ते ३८ अंशांची ठेवतात, कारण पुलीवर वळताना पट्ट्याचा खालचा भाग थोडा फुगतो. ओढ बसली की लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा पट्टा खाचेत रुततो आणि दोन्ही कडांनी पुलीला घट्ट धरतो. बेताचा ताण देऊनही तो इतकी ताकद वाहून नेतो ती यामुळेच.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. व्ही-पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये. तळाला टेकला की कडांची पकड सुटते आणि मग कितीही ताणला तरी तो सटकतो. खाचेचा तळ मळकट, गंजका दिसत असेल तर तो पट्ट्यापासून दूर आहे. तळ भांड्यासारखा चकचकीत झाला असेल तर पट्टा तिथे घासतो आहे. नवा पट्टा खाचेत बसवला की त्याची पाठ पुलीच्या कडेला समपातळीत किंवा जराशी वर राहते. ती कडेच्या खाली उतरलेली दिसली, तर पट्टा तरी बारीक झाला आहे, पुलीची खाच तरी रुंदावली आहे, नाहीतर दोन्ही.

पट्ट्याच्या आत, पाठीच्या जवळ, पॉलिस्टरच्या दोऱ्यांची एक रांग असते. खरा भार या दोऱ्या पेलतात. त्यांच्या खालचं रबर दोऱ्यांना आधार देतं आणि बाहेरचं रबर चढवलेलं कापड घर्षण झेलतं. काही पट्ट्यांना कडेला कापड नसतं, थेट रबरच असतं, आणि पोटाला दातेरी खाचा असतात. त्या खाचा पट्टा लहान पुलीवर सहज वळावा म्हणून असतात. त्या पाहून पट्टा फाटला असं समजू नये.

आधी यंत्र सांगतं, मग पट्टा

पहिलं लक्षण बहुतेक वेळा पट्ट्यावर दिसतच नाही, ते पिठात दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं, "काकी, पीठ आज जाडा कित्याक इला?" नाहीतर रोज तासाभरात होणारं दळण सव्वा तास खाऊ लागतं. इथे घाई करून पट्टा बदलू नये, कारण दळण मंदावायची कारणं निदान तीन आहेत आणि ती वेगळी ओळखता येतात.

दगड गुळगुळीत झाले असतील आणि त्यांना टाकी लावायची (छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करायची) वेळ आली असेल, तर पीठ नेहमीपेक्षा गरम येतं, मोटर जड आवाज करते आणि स्टार्टरच्या बोर्डावरचा अँपिअरचा काटा नेहमीच्या वर जातो. मोटर जोर लावते आहे, पण तो जोर दळण्यात न जाता घासण्यात जातो आहे.

व्होल्टेज कमी असेल तर मोटरच अशक्त होते. इंडक्शन मोटरची फिरवण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज २० टक्क्यांनी घसरलं तर ताकद ८० टक्के राहत नाही, ६४ टक्क्यांवर येते. संध्याकाळी गावातले सगळे पंप आणि मिक्सर चालू असताना गिरण मंदावते आणि सकाळी ठीक चालते, तर संशय आधी लाइनवर घ्यावा. व्होल्टमीटरकडे पाहिलं की खुलासा होतो.

पट्टा सटकत असेल तर चित्र उलटं असतं. दाणा सोडला की गिरण दबते, पण मोटरचा आवाज मात्र जड होत नाही, उलट हलका होतो. भार तिच्यापर्यंत पोचतच नाही. अँपिअर नेहमीपेक्षा कमी दिसतात. गिरण मंद आणि मोटर निवांत, हे दोन्ही एकदम दिसलं की जाळी काढून पट्टा पाहायचा, अर्थात मेन बंद करून. माझ्या मते नुसत्या किंचाळण्यापेक्षा या खुणेवर जास्त विसंबावं. किंचाळणं कधी बेअरिंगचंही असतं, पण हे दृश्य पट्ट्याशिवाय क्वचितच कशामुळे दिसतं.

ज्यांना आकड्यात खात्री हवी त्यांच्यासाठी एक सोपा हिशेब आहे. चार पोलची मोटर पूर्ण भाराला मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. मोटरवर ४ इंचाची आणि गिरणीवर १२ इंचाची पुली असेल तर गिरणीला १४४० चे एक तृतीयांश, म्हणजे ४८० फेरे मिळायला हवेत. प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर आता फार महाग राहिलेला नाही. पुलीवर त्याची चमकणारी पट्टी चिकटवून लांबूनच फेरे मोजता येतात. भारावर ४७० च्या आसपास आकडा आला तर ठीक, कारण एक-दोन टक्के घसरण चांगल्या पट्ट्यातही असते. आकडा ४४० वर आला तर सुमारे आठ टक्के वेग वाटेत हरवतो आहे, आणि त्या वेगासोबत गेलेली वीज पट्टा तापवण्यात खर्च होते आहे.

आवाज, वास, भुकटी

मोटर सुरू करताना क्षणभर चीं... असा लांब किंचाळण्याचा आवाज येतो, कारण त्या क्षणी ओढ सगळ्यात जास्त असते. सुरुवातीला एकदा येऊन थांबला तर पट्टा थोडा ढिला आहे इतकंच. दाणा वाढवला की पुन्हा पुन्हा येऊ लागला तर पट्टा भार पेलत नाही. ठराविक अंतराने चिक्-चिक्-चिक् असा चिमणीसारखा आवाज येत असेल तर तो बहुधा ढिलाईचा नसतो. पुल्या एका ओळीत नसल्या की तसा येतो. पट्टा प्रत्येक फेरीत खाचेत तिरका शिरतो आणि कड खरवडत आत जातो. फट्-फट् असा आपटण्याचा आवाज आला तर पट्टा जाळीला लागतो आहे, किंवा त्याची एखादी पट्टी सुटून लोंबते आहे. तेव्हा यंत्र लगेच बंद करावं.

जळक्या रबराचा वास म्हणजे पट्टा आत्ता, या क्षणी सटकतो आहे. उष्णतेइतकं पट्ट्याचं वाकडं दुसरं कोणीच करत नाही. पट्ट्याच्या आतलं तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा यंत्र जुळवणाऱ्यांचा धरलेला अंदाज आहे. त्यामुळे थोडा ढिला पट्टा तसाच चालवला तर तो सटकतो, सटकला की तापतो, तापला की रबर कडक होतं आणि कडक रबर आणखी सटकतं. हे चक्र एकदा सुरू झालं की पट्टा दिवसेंदिवस झपाट्याने उतरतो.

काळी भुकटी हे मला सगळ्यात उपयोगी लक्षण वाटतं, कारण ते बघायला पट्ट्याला हातही लावावा लागत नाही. जाळीखाली, मोटरच्या पायाशी किंवा पुलीच्या मागच्या भिंतीवर काजळीसारखा बारीक थर साचतो. नवा पट्टा बसवल्यावर पहिले काही दिवस थोडी भुकटी पडते, ती चालते. नंतरही पडत राहिली तर कडा खरवडल्या जात आहेत. आठवड्यातून एकदा ती जागा झाडून स्वच्छ करावी आणि पुढच्या आठवड्यात किती साचली ते पाहावं. रोज पिठाने पांढऱ्या होणाऱ्या जागेत तर काळा रंग लगेच उठून दिसतो.

तपासायला हात घालण्याआधी

चालू पट्ट्याच्या जवळ हात नेऊ नये. गरम लागतो का ते बघायलासुद्धा नाही. मेन स्विच बंद करावा, किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, मग जाळी काढावी. मागून कुणी येऊन "लाइट गेली वाटतं" म्हणत बटण दाबलं असं व्हायला वेळ लागत नाही. आता अनेक गावांत बचत गटातल्या बायका गिरण आणि मसाला कांडप चालवतात. साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस पट्ट्याजवळ येऊ नयेत म्हणूनच ती जाळी असते. सारखी काढावी लागते म्हणून जाळी कायमची भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली, तर ती आजच परत बसवा, बाकीचं नंतर.

यंत्र चांगलं तासभर चालून थांबलं आणि वीज तोडली की पट्ट्याला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववतच नसेल तर पट्टा साधारण ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेलेला आहे आणि तो सटकतो आहे.

मग ताण पाहायचा. दोन पुल्यांच्या मधोमध पट्ट्यावर अंगठ्याने बेताचा दाब द्यायचा. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या दर मीटरला साधारण १६ मिलिमीटर तो खाली जावा, हे सर्वत्र वापरलं जाणारं माप आहे. अंतर ६० सेंटीमीटर असेल तर सुमारे १० मिलिमीटर. किती दाबायचं ते पट्ट्याच्या जाडीवर ठरतं आणि पट्टा बनवणाऱ्या कंपन्या त्याचा तक्ता देतात.

या ताणाबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. पट्टा आवाज करतो, मग मोटर मागे सारा आणि तारेसारखा ताणा. आवाज थांबतो आणि काम झालं असं वाटतं. पण जादा ताणलेला पट्टा गप्प राहूनच बेअरिंग खातो. मोटरचं पुलीकडचं बेअरिंग तापू लागतं, काही महिन्यांत घरघरतं, आणि मग मोटर उघडावी लागते. पट्ट्यापेक्षा मोटरचं काम कितीतरी महाग पडतं. योग्य ताण म्हणजे पूर्ण भारावर पट्टा ज्याने सटकत नाही तो कमीत कमी ताण. त्याहून बोल्टचा एक आटाही जास्त नको.

पुल्या एका ओळीत आहेत का ते पाहायला महागडं साधन लागत नाही. गवंड्याकडची सुतळी घ्या. गिरणीच्या पुलीच्या कडेला एक टोक लावा आणि ती ताणून मोटरच्या पुलीच्या कडेपर्यंत न्या. सुतळीने दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी स्पर्श केला पाहिजे. मात्र दोन्ही पुल्यांच्या कडेची जाडी सारखी आहे ना, हे आधी बघायचं. व्ही-पट्ट्याला अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकेपणा सहन होतो. मीटरभर अंतरात तो साधारण आठ-नऊ मिलिमीटर भरतो. त्यापुढे पट्ट्याची एक कड झिजणारच.

जुना पट्टा नीट वाचा

पट्टा बदलला की जुना उकिरड्यावर जातो, नाहीतर पेंढा बांधायला. त्याआधी तो उजेडात धरून पाच मिनिटं पाहावा. पट्टा का मेला हे त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. ते न पाहता नवा घातला तर नव्याचंही तेच होणार. कागदावर नीट निवडलेला, नीट बसवलेला व्ही-पट्टा २० हजार तासांच्या पुढे जाऊ शकतो. दिवसाला आठ तास धरले तर ती कित्येक वर्षं होतात. दर सहा महिन्यांनी पट्टा बदलावा लागत असेल तर दोष पट्ट्यात असण्याची शक्यता कमी आणि आसपास असण्याची जास्त.

एकच कड झिजली असेल, दुसरी जवळपास नवी दिसत असेल, तर पुल्या ओळीत नाहीत. दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत आणि कडक झाल्या असतील तर पट्टा ढिला राहून सटकत होता. एकाच ठिकाणी कड भाजल्यासारखी खोल खाल्लेली असेल, तर गिरण कधीतरी अडकली, पट्टा जागच्या जागी थांबला आणि मोटरची पुली त्याच्यावर घासत फिरत राहिली. दाण्यात खडा किंवा खिळा आला होता का, ते आठवून पाहावं.

पोटाकडून आडव्या भेगा असतील तर पट्टा उष्णतेने वाळला आहे किंवा त्याला फार लहान पुलीवर वळावं लागतं आहे. पट्ट्याच्या जाडी-रुंदीला सेक्शन म्हणतात आणि ती ए, बी, सी अशी वाढत जाते. ए सेक्शनच्या पट्ट्याला ७५, बी ला १२५ आणि सी ला २०० मिलिमीटरपेक्षा लहान पुली देऊ नये, असं धरतात. वेग वाढवायचा म्हणून कुणी गिरणीवर लहान पुली चढवली असेल तर भेगांचं कारण तिथेच सापडेल. भेगा दिसल्या की त्याच दिवशी पट्टा टाकावा असं नाही. भार दोऱ्यांवर असतो आणि त्या वर, पाठीजवळ असतात. पण भेग दोऱ्यांपर्यंत पोचली, रबराचे तुकडे पडू लागले किंवा कडेने सुतासारख्या दोऱ्या बाहेर आल्या, तर पट्टा लगेच बदलायचा.

पट्टा फुगलेला, मऊ, चिकट लागत असेल तर त्याने तेल प्यायलं आहे. खोबरेल काढणाऱ्या घाण्यावर, डिझेल इंजिनवर चालणाऱ्या हलरवर आणि जिथे बेअरिंगला सढळ हाताने ग्रीस भरतात तिथे हे नेहमी दिसतं. तेल लागलेला पट्टा पुसून पुन्हा चालवता येईल असं वाटतं, पण रबरात मुरलेलं तेल पुसून निघत नाही. गळती बंद करून पट्टा बदलणं एवढाच उपाय.

आणि कधी कधी पट्टा अजिबात झिजलेला नसतो, तरी बसवल्यावर काही दिवसांत तुटतो किंवा खाचेत उलटा होतो. असं झालं तर तो बसवला कसा होता ते विचारा. मोटर पुढे न सरकवता, स्क्रू-ड्रायव्हर किंवा पहारीने रेटून पट्टा पुलीवर चढवला की आतल्या काही दोऱ्या तिथेच तुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एका बाजूच्या दोऱ्यांवर सगळा भार येतो आणि पट्टा पीळ खातो. मोटरचे बोल्ट सैल करून, ती रेलवर पुढे घेऊन, पट्टा हातानेच अलगद बसला पाहिजे.

खाच तपासायलाही हीच वेळ. पुलीच्या खाचेच्या भिंती सरळ असायला हव्यात. त्या आतल्या बाजूला खोलगट झाल्या असतील तर नवा पट्टा त्यात कधीच नीट बसणार नाही. नव्या पट्ट्याचा तुकडा किंवा पातळ सरळ पट्टी भिंतीला लावून मागून बॅटरीचा उजेड टाकावा. मध्ये पाऊण-एक मिलिमीटरची फट दिसली तर पुलीही बदलावी. आधी लहान पुली पाहावी. तिच्यावर पट्टा कमी लांबीला टेकतो, जास्त वळतो, आणि झिजही तिच्यातच आधी होते.

खारा वारा, तूस आणि आगोट

हे सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. पण किनाऱ्यावर काही गोष्टी जास्तीच्या येतात.

दक्षिण कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात समुद्राकडून येणारा खारा वारा. बिडाची पुली दोन-तीन आठवडे उभी राहिली की खाचेत तांबूस गंज धरतो. मोठा दिसत नाही, पण तो सँडपेपरचंच काम करतो. पावसाळाभर बंद असलेलं यंत्र ऑक्टोबरमध्ये थेट सुरू केलं की पहिल्या काही तासांतच पट्ट्याच्या कडा खरवडल्या जातात. सुरू करण्याआधी खाचेतून तारेचा ब्रश आणि बारीक सँडपेपर फिरवून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. गंज धरू नये म्हणून खाचेला तेल, ग्रीस किंवा रंग लावायचा मोह होतो. तो आवरावा, खाच कोरडीच हवी. आणि यंत्र बरेच दिवस बंद राहणार असेल तर पट्ट्याचा ताण सैल करून ठेवावा. ताणलेल्या अवस्थेत पट्टा महिनोनमहिने एकाच आकारात राहिला की त्याला तशीच बाक येते आणि सुरू केल्यावर पहिले दिवस यंत्र हादरत चालतं.

भाताच्या हलरवर शत्रू म्हणजे तूस. भाताच्या तुसात वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. ती धूळ पट्टा आणि खाच यांच्यामध्ये गेली की दोन्ही झिजतात. चिऱ्याच्या खाणीजवळच्या यंत्रांवर लाल धुळीचंही तेच. जाळीला धूळ अडवणारं आच्छादन करताना हवा खेळती राहील हे मात्र पाहावं, नाहीतर पट्टा आतच तापेल.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानांत, गिरण्यांत शिरलं. अशा पुरानंतर मोटर सुकवायला सगळे धावतात, पट्ट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पुराच्या पाण्यात चिखल असतो आणि तेल-डिझेलही असतं. पट्टा साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन सावलीत सुकवावा आणि खाच खरवडून स्वच्छ करावी. पट्टा चिकट किंवा फुगलेला लागला तर तो सोडून द्यावा.

पट्टा सटकायला लागला की त्याच्यावर राळ टाकायची, साबण घासायचा, नाहीतर डांबर लावायचं, हे उपाय जुने आहेत. सपाट पट्ट्यांच्या काळातून ते आलेले आहेत. व्ही-पट्ट्यावर राळ टाकली की तासभर पकड येते, नंतर तिचा चिकट थर धूळ ओढतो, कडा असमान होतात आणि पट्टा आणखी लवकर जातो. मूळ कारण होतं तिथेच राहतं.

जुन्या गिरण्यांवर सपाट पट्टे अजून आहेत. त्यांची लक्षणं थोडी वेगळी. सपाट पुली मध्ये किंचित फुगीर असते आणि पट्टा आपोआप त्या उंचवट्यावर येऊन चालतो. पुलीची फुगीर बाजू झिजली की पट्टा कडेकडे पळू लागतो. बाकी नजर ठेवायची ती सांध्यावर. पट्ट्याची दोन टोकं जोडणाऱ्या फास्नरची भोकं लांबट झाली, सांध्याजवळ कॅनव्हासचे थर सुटू लागले की तो भाग कापून नव्याने सांधावा.

अनेक पट्टे असतील तर सगळे बदला

बर्फाच्या कारखान्यातल्या अमोनिया कॉम्प्रेसरवर चार-सहा पट्टे शेजारी शेजारी असतात. त्यातला एक तुटला की तेवढाच आणून घालणं स्वस्त वाटतं. पण जुने पट्टे वापराने थोडे लांबलेले असतात. नवा एकटा आखूड असतो, म्हणून सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो लवकर तुटतो. जुने ढिले राहून सटकत राहतात. पूर्ण संच एकदम, एकाच कंपनीचा घ्यावा. जुन्यातले बरे पट्टे अडचणीच्या वेळेसाठी बाजूला ठेवता येतात.

नवा पट्टा पहिल्या दिवसांत थोडा लांबतो आणि खाचेत बसतो. म्हणून एक दिवस पूर्ण भारावर चालवून ताण पुन्हा पाहावा लागतो. बहुतेक ठिकाणी ही एकच गोष्ट राहून जाते. पट्टा बसवणारा फिटर गेलेला असतो आणि आठवड्याने पट्टा किंचाळू लागतो.

दुकानात जाताना पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर लिहून न्या. बी-५२ म्हणजे बी सेक्शन, आतून ५२ इंच. छाप पुसली असेल तर वरची रुंदी मोजा: ए ची १३, बी ची १७, सी ची २२ मिलिमीटर. झिजलेला पट्टा थोडा कमी भरेल, तेवढं धरून चाला. लांबी सुतळीने मोजली तर आतून मोजली की बाहेरून, ते दुकानदाराला सांगा, कारण बाहेरून ती जास्त भरते. तालुक्याच्या दुकानात बी नाही म्हणून ए घेऊन येऊ नका. तो बी च्या खाचेत तळाला जाऊन बसेल आणि पहिल्या दिवसापासून सटकेल.

स्कूटर आणि कार

गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही पट्टा असतो, फक्त तो झाकणाआड असल्यामुळे दिसत नाही. स्कूटर जागेवरून निघताना हिसका बसणं, चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण स्कूटर पळत नाही असं होणं, ही त्याची लक्षणं. घाटरस्त्यावर दोघं बसून रोज ये-जा असेल तर झीज लवकर होते. पट्ट्याची रुंदी व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) मोजून पुस्तिकेतल्या किमान मापाशी ताडून पाहायला मेकॅनिकला सांगावं. तिथे दिलेले किलोमीटर झाले की पट्टा ठीक दिसला तरी बदलावा.

कारच्या इंजिनमधला दातेरी टायमिंग पट्टा मात्र या सगळ्या लेखाला अपवाद आहे. तो बहुधा काहीच लक्षण न दाखवता तुटतो, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. त्याच्या बाबतीत कान आणि नाक कामाचे नाहीत. पुस्तिकेतले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल, त्याला तो बदलायचा.

होडीवर

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, बर्फाचे कारखाने मंदावलेले असतात. १ ऑगस्टनंतर सगळं एकदम सुरू होतं. दोन महिने दमट हवेत ताणलेला राहिलेला पट्टा, गंजलेली पुली आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण भार. मिरकरवाडा असो, हर्णै असो की मालवण, पट्टे पाहायचे ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात.

ज्या इंजिनात गोड्या पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर आहेत, तिथे तो तुटला की पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन काही मिनिटांत तापतं. चार्जिंगचा दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढू लागला, तर हे दोन्ही एकदम झाल्यावर आधी पट्टाच पाहायचा, इंजिन बंद करून.

जादा पट्टा होडीवर असलाच पाहिजे. तो खिळ्याला अडकवून ठेवला की टेकलेल्या जागी मोडतो, इंजिनखणात ठेवला की उष्णतेने आणि तेलाने खराब होतो, आणि उघडा ठेवला तर उंदीर कुरतडतात. मोठी गुंडाळी करून, कोरड्या फडक्यात बांधून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, केबिनमध्ये ठेवावा. डब्यावर नंबर आणि आणल्याची तारीख रंगाने लिहावी. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायला जे पाने लागतात तेही त्याच डब्यात ठेवावेत, आणि निघण्याआधी बंदरातच एकदा त्या पान्यांनी तो बोल्ट खरंच सुटतो का ते पाहून घ्यावं, कारण खाऱ्या हवेत तो अडकलेला असू शकतो.